"आपल्याकडे एकच टाइमझोन, मग शेल स्क्रिप्टमधे तारखेचं कसलं टेन्शन?" असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

आधी ऑफिसच्या ग्रुपवर, मग कॉलेजच्या, आणि काल घणसोलीच्या एका मैत्रिणीकडून, असा एकच मेसेज मला तीनदा आला. शेल स्क्रिप्टमधे, म्हणजे एकामागून एक कमांड चालवणाऱ्या फाइलमधे, तारखा हाताळायच्या सोप्या ट्रिका. त्यात म्हटलंय की भारतात एकच टाइमझोन आहे, घड्याळं पुढेमागे करायची भानगड नाही, म्हणून टीझेडमधे (टाइमझोन सांगणाऱ्या सेटिंगमधे) आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, टाका आणि विसरून जा. कालची तारीख हवी तर ८६४०० सेकंद (२४ तास) वजा करा, मागचा महिना हवा तर 'वन मंथ अगो' लिहा, तारीख आपल्या सवयीप्रमाणे दिवस-महिना-वर्ष अशीच ठेवा, आणि एकदा चाललेल्या स्क्रिप्टला परत हात लावू नका. नवीन जॉइन झालेली पोरं हे सेव्ह करून ठेवतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

टीझेडमधे आयएसटी हा सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण त्यात एररच येत नाही. लिनक्सच्या टाइमझोनच्या यादीत आयएसटी नावाची फाइलच नसते, आणि अनोळखी नाव दिलं की सिस्टिम तक्रार न करता यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ धरते, वर तुम्ही दिलेलं नाव वेळेपुढे जसंच्या तसं छापून देते. हे मी महापेला नाइट शिफ्टला असताना स्वतः बघितलंय. रोज रात्री सव्वाबाराला एक स्क्रिप्ट चालायची, तिने आदल्या दिवसाचा क्लोजिंग रिपोर्ट काढायचा. सर्व्हर यूटीसीवर. म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या रात्रीचे सव्वाबारा वाजलेले असताना सर्व्हरसाठी अजून १ तारखेची संध्याकाळ, पावणेसात, आणि त्याचा "काल" म्हणजे त्याच्या आधीचा दिवस, त्यामुळे रिपोर्ट दर वेळी परवाचा निघायचा. कुणीतरी हाच फॉर्म्युला लावला, टीझेडमधे आयएसटी, आणि स्क्रीनवर खरंच आयएसटी दिसायला लागलं म्हणून तिकीट बंद केलं. दुसऱ्या रात्री रिपोर्ट परत परवाचा. मी आणि शिफ्टमधला एक जण स्क्रीनकडे बघत बसलो होतो, भिंतीवरच्या घड्याळात बारा सतरा, स्क्रीनवर अठरा सत्तेचाळीस आणि त्याच्यापुढे ठळक आयएसटी, आणि तो सारखं म्हणत होता "अगं आयएसटी आलंय ना, मग चुकतंय कुठे". आकडा कोणी वाचतच नव्हतं, नाव वाचत होते. मग त्याने यूटीसी प्लस ५:३० असं लिहून बघितलं तर घड्याळ उलटं गेलं, दुपारचा एक सतरा दाखवायला लागलं, कारण टीझेडमधे अशा पद्धतीने लिहिलं तर चिन्ह उलटं असतं, ग्रीनिचच्या पूर्वेला मायनस. बरोबर नाव आहे एशिया/कोलकाता. एशिया/मुंबई असं काही नसतं, ते लिहिलं तर परत यूटीसीच मिळते आणि पुढे नुसतं "एशिया" छापलं जातं. आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमधे टीझेडडेटा नावाचं, टाइमझोनच्या फाइली असलेलं पॅकेज टाकलेलं नसेल तर एशिया/कोलकाता अगदी बरोबर लिहूनही यूटीसीच मिळते, हे तर खूप जणांना महिनोन्महिने कळत नाही.

आणि "एकच टाइमझोन" म्हणताय तर मुंबईच्या लोकांनी तरी ते म्हणू नये. आयएसटी १९०६ मधे सुरू झाली तरी मुंबईने आपली बॉम्बे टाइम सोडली नव्हती, ती आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत वापरात होती. तुमच्या लॉगशी, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलशी, याचा संबंध नाही हे मान्य, पण "आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता" हे खरं नाही. शिवाय आजचा आपला फरक साडेपाच तासांचा आहे, पूर्ण तासांचा नाही, त्यामुळे यूटीसीवर तासातासाने आकडे गोळा करणारा बकेट आपल्या घड्याळात अर्ध्यावर तुटतो, आणि यूटीसीच्या मध्यरात्रीला होणारं लॉग रोटेशन (जुनी लॉग फाइल बंद करून नवी सुरू करणं) आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं. रात्री बारा ते साडेपाच एवढा वेळ रोज आपली तारीख आणि सर्व्हरची तारीख वेगळी असते, आणि नेमके आपोआप चालणारे बॅच जॉब सगळे याच वेळात लावलेले असतात.

८६४०० वजा करायचं म्हणाल तर आपल्या घड्याळापुरतं ते बरोबर आहे, तेवढं क्रेडिट देते. पण ऐरोली-महापे पट्ट्यात किती जण अमेरिकेच्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळतात ते बघा. न्यूयॉर्कच्या वेळेवर असलेल्या मशीनवर २ नोव्हेंबर २०२५ हा दिवस २५ तासांचा होता, कारण त्या दिवशी तिकडे घड्याळं एक तास मागे केली. त्या रात्री साडेअकराला ८६४०० वजा केले तर उत्तर येतं २ नोव्हेंबर, रात्रीचे साडेबारा. म्हणजे काल मागितला आणि आजच मिळाला. "यस्टरडे" असं थेट लिहिलं तर जीएनयूचं डेट (लिनक्सवरची तारीख देणारी कमांड) कॅलेंडरवर मोजतं, ते ठीक. पण तेच मॅकवर चालत नाही, तिथलं डेट बीएसडी नावाच्या दुसऱ्या सिस्टिमचं, त्याचे ऑप्शन वेगळे, त्यामुळे लॅपटॉपवर टेस्ट केलंय म्हणजे सर्व्हरवर चालेल किंवा उलट, असं गृहीत धरू नका.

'वन मंथ अगो' तर मार्चएन्डलाच गोत्यात आणतं. ३१ मार्च २०२५ ला मागचा महिना मागा, जीएनयू डेट ३१ फेब्रुवारी बनवतं, तो दिवस नाही म्हणून पुढे सरकून ३ मार्च देतं. फेब्रुवारीची फाइल शोधणारी स्क्रिप्ट मार्चचीच फाइल उचलते, आणि तीही वर्षातल्या अशा दिवशी जेव्हा अकाउंट्सवाले आधीच डोक्याला हात लावून बसलेले असतात. उपाय साधा आहे, चालू महिन्याची १५ तारीख धरा आणि तिथून एक महिना मागे जा, १५ तारीख प्रत्येक महिन्यात असते.

दिवस-महिना-वर्ष हे डोळ्यांना बरं, मशीनला नाही. ०५/०४/२०२५ दिलंत तर जीएनयू डेट ४ मे समजतं, आणि २५/०४/२०२५ दिलंत तर इनव्हॅलिड डेट म्हणून अडतं. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस गुपचूप चूक आणि तेराव्यापासून एरर, आणि लोक त्या एररला बग समजतात, खरा बग तर आधीच्या बारा दिवसांत होऊन गेलेला असतो. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस ठेवा, यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

आता "चाललेल्या स्क्रिप्टला हात लावू नका". एक स्क्रिप्ट जानेवारीपासून जुलैपर्यंत सुरळीत चालली आणि १ ऑगस्टला पडली. कुणीही काही बदललं नव्हतं. तिच्यात महिन्याच्या आकड्यात १ मिळवलेला होता, आणि बॅशमधे (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमधे) शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ अंक असलेल्या पद्धतीतला, समजला जातो. ०१ ते ०७ पर्यंत दोन्हीकडे सारखंच, ०८ आलं की "व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस" अशी एरर. सप्टेंबरलाही तेच, आणि ऑक्टोबरला आपोआप बरं होतं कारण १० च्या आधी शून्य नाही, त्यामुळे कारण न सापडताच लोक विषय सोडून देतात आणि पुढच्या वर्षी ऐन गणपतीत ऑनकॉलवाल्याला परत फोन जातो. दिवसाचा आकडा घेत असाल तर दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला हेच होणार. आकड्याच्या आधी १०# लावलं की बॅश दशमान धरतं.

मी आता स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदाच वेळ घेते, १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तारीख, तास, फाइलचं नाव सगळं त्या एकाच आकड्यातून काढते, कारण डेट दोनदा बोलावलं आणि मधे बारा वाजले तर तारीख कालची आणि वेळ आजची अशी जोडी तयार होते. सेकंदांना टाइमझोन नसतो, एशिया/कोलकाता फक्त माणसाला दाखवताना लावायचं. आणि तो आकडा बाहेरून देता येईल अशी सोय ठेवते, म्हणजे प्रॉडक्शनला टाकायच्या आधी ३१ मार्च, ८ ऑगस्ट, २९ फेब्रुवारी आणि १ जानेवारीच्या रात्रीचे सव्वाबारा, एवढ्या चार वेळा देऊन बघता येतं. दहा मिनिटं लागतात.