एका झाडाच्या बदल्यात किती रोपं?

मुंबईत झाडांवरून वाद पेटला की आकडे बाहेर पडतात: इतकी तोडणार, तितकी लावणार. २०१९च्या ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं गेली, तेव्हाही तेच. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यातली २०२१ची दुरुस्ती त्या मानाने बरी: ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची आणि सात वर्षं जगवायची. पण त्या रोपांचं बी येणार कुठून, हे कुणी विचारत नाही.

इथे सिंगापुरात २००२ साली चांगी भागात होपिया सांगल जातीचं सुमारे दीडशे वर्षांचं झाड परवानगीशिवाय तोडलं गेलं. मलाय लोक त्याला चेंगल पासिर म्हणतात. दंड झाला, वर भरपाई ७६,०३५ सिंगापूर डॉलर. ऐकून हेवा वाटेल, पण फार वाटू देऊ नका. या बेटाने आपलं ९५ टक्क्यांहून जास्त मूळ जंगल आधीच घालवलंय. कडक कायदे त्यानंतर आले.

शिवाय भरपाईच्या पैशांतून ते झाड परत येत नाही. होपियाच्या कुळातली झाडं दरवर्षी फुलत नाहीत, काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलतात. पंखवालं बी पडलं की लगेच रुजायला हवं. वाळलं की मेलं. त्यामुळे डब्यात भरून साठवता येत नाही. मुळांना साथ देणारी बुरशी मातीत नसेल, तर रोप हातभर होऊन खुरटतं. बियांचं जुनं झाड गेलं की मागे उरतात फक्त आकडे.

आपल्याकडे सीतेचा अशोक याच वाटेवर आहे. अशोकारिष्टासाठी साल हवी, म्हणून सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी खोडाभोवती पूर्ण कडं सोलतात. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. (सोसायटीच्या कुंपणालगत सरळसोट उभा असतो, तो अशोक वेगळा. साल विकताना भेसळही त्याचीच.) याचंही बी साठवणीचं नाही. शेंगा फुटल्या की ताजंच पेरायचं, अर्धी सावली आणि ओल ठेवायची.

‘पुनर्रोपण करू’ हे आश्वासन तर सगळ्यात पोकळ. खोडाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर मुळांचा मातीसकट गोळा त्याच्या दहापट, म्हणजे चार मीटर रुंद हवा. जेसीबीने खणलेला गोळा त्याच्या पाव भागही नसतो. पाणी शोषणारी बारीक मुळं खड्ड्यातच राहतात.

तेव्हा तोडणीच्या अर्जासोबतच बदली रोपांची यादी मागावी: जात, बी कुठल्या झाडाचं, आज रोपवाटिकेत किती तयार आहेत. अर्ज डिसेंबरात आला आणि रोपं नसली, तर आधी बी धरण्याचा हंगाम यायला हवा, मग रोप वाढायला वर दोनेक वर्षं. एवढं थांबणं कुठल्याच प्रकल्पाला परवडत नाही. म्हणून रोपवाटिकेचा खर्च प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला लावावा.