साडेतीनशेचा ठोका

काल प्लंबरला साडेतीनशे रुपये दिले. माझ्या घरात एकही नळ गळत नाही.

चार दिवसांपूर्वी मॉड्युलर सिंथमध्ये (सुटे भाग वायरींनी जोडून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) अ‍ॅनालॉग ड्रमचं मॉड्यूल बसवलं. वीज पुरवणाऱ्या रिबन केबलची लाल कडा उणे बारा व्होल्टकडेच आहे ना, हे चारदा पाहिलं (उलटी लागली की आधी वास येतो, मग रडू). ताल देणाऱ्या क्लॉकची वायर ठोका पाडणाऱ्या ट्रिगरला जोडली, डिकेचं बटण फिरवून ठोका लांबवला. धुम्म! यात रेकॉर्डिंग नाही, कातडं नाही. १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनसारखंच, सर्किटला टिचकी बसते आणि ते थरथरत विझतं. तेव्हापासून रोज दुपारी कूलरसमोर बसून मी तेच एक बटण फिरवतोय. नागपुरात मे महिन्यात माणसानं दुसरं करावं तरी काय?

काल दार वाजलं. खालचे घरमालक काका, मागे पाना घेतलेला प्लंबर.

"मोटर बंद केली तरी ठोकून राहिली बे! तीन दिवसांपासून तुझी काकू बालटीनं पाणी भरून राहिली."

"काका, ती मोटर नाही. माझा ड्रम आहे."

"कुठं आहे ड्रम?"

दाखवला. वीतभरही उंची नाही, दोन बोटं रुंदी, चार बटणं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यामागे वाकून पाहिलं. प्लंबरनं मात्र तिकडे ढुंकूनही न बघता भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले.

"बेअरिंग गेलं."

मी वायर उपसली. आवाज बंद. पुन्हा खुपसली. धुम्म.

"हां, लोड आला की वाजते," प्लंबर म्हणाला.

मी चिडून ड्रमचा पिच, म्हणजे पट्टी, वर नेला.

"आता पाणी चढून राहिलं," तो काकांना म्हणाला. काकांनी मान डोलावली!

बरं, हा ठोका पन्नास हर्ट्झच्या आसपासचा. असा आवाज हवेपेक्षा स्लॅबमधूनच खाली उतरतो, हे मलाही कळतं. हेडफोन लावायला हवा होता, मान्य. पण समोरच्या लॉनमध्ये लग्नसराईभर जो डीजे खिडक्यांची तावदानं हलवतो, त्याचा ठोका याच ८०८ चा नातू आहे. तिथे काका प्लंबर घेऊन जात नाहीत, आहेराचं पाकीट घेऊन जातात. वर पनीर खाऊन येतात. आमचं मात्र बेअरिंग गेलेलं!

"व्हिजिटचे साडेतीनशे," प्लंबर म्हणाला.

पैशांचं नाव निघताच काकांची मोटर ठणठणीत बरी झाली. "आवाज तुझा आहे ना? तू म्हणून राहिला होता. दे मग."

मी पाचशेची नोट काढली. प्लंबरकडे सुटे नव्हते. नोट त्यानं ठेवून घेतली. "दीडशे मी याच्याकडून घेतो, तुझ्या भाड्यात वळते करू," काका म्हणाले.

या महिन्याचं भाडं मी काल सकाळीच दिलं होतं.