व्यायामशाळा सन्मानाने कशी मिटवावी

लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या व्यायामशाळेच्या कार्यकारिणीवर तुमची नुकतीच निवड झाली असेल, तर अभिनंदन. आता ती मिटवायची जबाबदारी तुमची. निम्मं काम तर आधीच झालंय. पाळी सुटली की लंगोट लावून आखाड्यात उतरणारा गिरणी कामगार १९८२ च्या संपानंतर उरलाच नाही. राहिलेलं निम्मं गोडीगुलाबीनं उरकायचं. कुलूप लावायचा आततायीपणा नको. कुलूप दिसलं की माजी पैलवान जमतात आणि सह्यांची मोहीम निघते.

सुरुवात हौद्यापासून, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यापासून करा. तांबडी माती रोज कुदळीनं उकरावी लागते, खडे वेचावे लागतात, पाणी शिंपून ओल राखावी लागते, अधूनमधून तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळावी लागते. यातलं काहीही करू नका. थोड्याच दिवसांत ती फरशीसारखी बसते. मग कुणी ढाकेचा डाव मारून जोडीदाराला आपटलं, की खालचा खांदा धरून उठतो आणि वरचा कोपर चोळत. सोलवटलेल्या गुडघ्यात पू धरला, की आया स्वतःच पोरं पाठवायची बंद करतात; तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. पावसाळ्यात मात्र पत्रा गळू द्या. चिखलात पाय रुतून बसतो, अंग फिरतं आणि गुडघा जातो.

मल्लखांबाला एरंडेल चोळतात ते शोभेसाठी नव्हे. कोरड्या लाकडावर मांड्या सोलतात, तेल जास्त झालं की अढी, म्हणजे पायांची पकड, सुटते. मधलं प्रमाण हाताला कळावं लागतं. एवढी कटकट कशाला? झकास भगवा ऑइलपेंट मारा. खांब लांबून सुंदर दिसतो आणि त्यावर पुन्हा कुणी चढत नाही. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून चालू आहे, तिथं पोरं-पोरी अजून खांबावर चढतात, असं कुणी सभेत म्हणालं तर चहा मागवा.

खरी कमाल पुनर्विकासात. बिल्डरच्या करारात ‘व्यायामशाळेला आहे तेवढंच क्षेत्रफळ’ हे वाक्य टेबल ठोकून घालून घ्या. उंचीबद्दल चकार शब्द काढू नका. पुरलेला मल्लखांब जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास असतो, त्याच्या बोंडावर, म्हणजे टोकावर, पोर उभं राहणार, म्हणजे वर १५ फूट तरी मोकळे हवेत. तुम्हाला मिळेल पोडियमवरची साडेनऊ फुटी खोली, त्यात फॉल्स सीलिंग, त्याला पंखा. खांब पुरायला खोल खड्डा लागतो, आणि स्लॅबमध्ये तो खणू देणारा इंजिनीअर अजून जन्मायचाय. मातीचं कुणी विचारलंच तर वॉटरप्रूफिंगकडे बोट दाखवा. काठी फिरवणारा एकटा माणूस १०-१२ फुटांचं वर्तुळ अडवतो. तेवढ्यात चार ट्रेडमिल बसतात. हिशेब तुम्हीच करा.

शस्त्रं बंद करू नका, नुसता क्रम उलटा करा. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, त्याचा फ्लेक्स लावलाच असेल. पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या, आत असते, मनगटाला फिरायला जागा नसते. ते लांब, लवचीक पातं खांद्यानं आणि कमरेनं चालवायचं, आणि कमर कुठं असेल ते पाय ठरवतात. म्हणून जुने वस्ताद आधी महिनोन् महिने नुसते पवित्रे काढून घेत, मग काठी, आणि पट्टा शेवटी. तुम्ही पहिल्याच रविवारी पट्टा द्या. पोर मनगटानं फिरवू बघतं, पातं परतून त्याच्याच पोटरीला लागतं. मग पालकसभेत ठरवून टाका: बोथट पत्र्याचा पट्टा, तीन गिरक्या आणि पोटावर ठेवलेलं लिंबू कापणं. मोबाईलमध्ये तेवढंच मावतं. शिवजयंती एकदा तारखेनं, एकदा तिथीनं. बाकी वर्षभर पट्टा माळ्यावर.

खाशाबा जाधवांचा फोटो मात्र दर्शनी भिंतीवर हवा. हेलसिंकी ऑलिम्पिक, १९५२, कुस्तीत कांस्य. मॅट मागणारा आला की ‘आपली माती ती आपली माती’ म्हणा; माती मागणारा आला की ‘जग मॅटवर गेलं हो’ म्हणा. दोन्ही नसलेली जागा गणपतीच्या मंडपाचे वासे ठेवायला उत्तम.

राहता राहिले वस्ताद. त्यांना काढू नका, ते रोज संध्याकाळी येऊन बसतील. गुरुपौर्णिमेला शाल-श्रीफळ द्या, वाकून पाया पडा, फोटो काढा. मानधनाचा विषय त्यांनी काढलाच, तर दुखावल्यासारखा चेहरा करून एवढंच म्हणा: ‘वस्ताद, तुम्हीसुद्धा?’