कुत्र्याचा डोळा लाल म्हणजे संसर्गच? एका फॉरवर्डला उत्तर

"कुत्र्याचा डोळा लाल झाला की संसर्ग समजा, माणसांचे थेंब तीन-चार दिवस घाला. म्हातारपणी डोळा निळसर झाला तर मोतीबिंदू, इलाज नाही. कोपऱ्यात लाल गोळा आला तर कापून टाकतात." अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो. त्यातलं एकही वाक्य धड नाही.

"लाल म्हणजे संसर्ग." कुत्र्यांत निव्वळ जंतूंमुळे डोळा येणं कमीच. मागे बहुधा ओरखडा, आत वळलेली पापणी, आटलेले अश्रू किंवा काचबिंदू असतो. दाट, चिकट, पिवळट चिपडं वारंवार येत असतील तर आधी अश्रू मोजून घ्या. खालच्या पापणीत कागदी पट्टी एक मिनिट ठेवतात. 15 मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक. 10 मिमीच्या आत असेल तर डोळा कोरडा. अँटिबायोटिकने चिपडं कमी होतात नि परत येतात, कारण अश्रू बनवणारी ग्रंथी तशीच बिघडलेली असते. तिथे सायक्लोस्पोरिन (अश्रू वाढवणारं डोळ्याचं औषध) लागतं, बहुधा जन्मभर.

"माणसांचे थेंब चालतात." सगळ्यात घातक सल्ला हाच. घरातल्या उरलेल्या बाटलीत अनेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. कॉर्नियावर (डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर) जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरत नाही, जंतू बळावतात, पडदा विरघळू लागतो आणि एक-दोन दिवसांत आरपार भोक पडू शकतं. फसगत अशी, की सुरुवातीला लाली खरोखरच उतरते! जखम नुसती पाहून दिसेलच असं नाही. फ्लुरोसीन रंग घातला की निळ्या प्रकाशात ती हिरवी चमकते. ही तपासणी होईपर्यंत स्टेरॉइडला हात लावू नका.

"तीन-चार दिवस." डोळा लाल, पडदा धुरकट, बाहुली मोठी आणि टॉर्च मारूनही आकसत नाही? काचबिंदू धरून ताबडतोब डॉक्टर गाठा. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 25 मिमी पारा असतो. तो 40-50 च्या वर गेला तर काही तासांतही नजर जाऊ शकते. डोळा मिटून धरणं, पंजाने चोळणं हे दुखण्याचं लक्षण. तेव्हाही त्याच दिवशी जा. तोवर गळ्यात कोन (पंजा डोळ्यापर्यंत पोचू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर) घाला, 0.9% सलाइनने धुवा, गॉजने पुसा. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. डोळा खोबणीबाहेर आला असेल तर आत ढकलू नका, सलाइनने ओला ठेवून लगेच निघा.

"निळसर म्हणजे मोतीबिंदू." साधारण सात वर्षांनंतर भिंग घट्ट होऊन निळसर झाक येते, नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू पांढरा दिसतो आणि त्याची शस्त्रक्रिया होते. तो झपाट्याने वाढला तर रक्तातली साखर तपासा.

"गोळा कापा." तो गोळा म्हणजे तिसऱ्या पापणीची (कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असणाऱ्या जादा पापणीची) जागेवरून सरकलेली अश्रुग्रंथी. अश्रूंचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तीच बनवते. कापली तर पुढे डोळा कोरडा पडण्याचा धोका वाढतो, म्हणून टाके घालून ती परत जागी बसवतात.