"मालमत्ता कर भरतो, वर पुन्हा वर्गणी कशाला?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेल्समधल्या समुद्रकाठच्या स्वान्सी शहरात व्यापाऱ्यांनी मिळून पैसे घातले आणि शहराच्या मध्यभागात सुधारणा केल्या. त्यातलं काय लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या परिसरात जमेल, हा माझ्या लेखाचा विषय होता. त्यावर एका वाचकाने लिहिलंय: "मालमत्ता कर भरतो, वर पुन्हा वर्गणी कशाला? समुद्रकाठच्या साहेबांचे दाखले दुष्काळी लातूरला देऊ नका. घरात बसून बाजार सुधारत नसतो. शेवटी मोठे शोरूमवालेच मजा मारणार आणि हातगाडीवाले हाकलले जाणार. न देणाऱ्याचं काय करणार, तेही सांगा."

मतभेद असू द्या, पण "घरात बसून" कशासाठी? व्यापारी संघाची पावतीपुस्तकं मी सांभाळली आहेत. पहिल्याच फेरीला पैसे कोण काढून देतं आणि "पोरगा आला की या" म्हणून परत कोण पाठवतं, हे मला कुणी शिकवायला नको. नाव न लिहिता चार ओळींत समोरच्याची लायकी काढणं सोपं असतं.

एक मात्र मान्य. किनाऱ्यावरचा खर्च आणि आपला खर्च सारखा नाही. खारं वारं लोखंड खातं, म्हणून तिथे दिव्याच्या खांबांना जस्ताचा थर लागतो. आपल्याकडे त्रास धुळीचा. आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात फूटपाथ धुवा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

आता कराचं. हा प्रश्न तिथेही निघतो. वर्गणी लावायची की नाही यावर तिथले व्यापारी मतदान करतात, आणि या प्रश्नाचं उत्तर त्या मतदानाआधी कागदावर येतं. व्यापाऱ्यांची संस्था नगरपालिकेबरोबर आधी करार करते. आज झाडलोट किती वेळा होते, दिवे किती, बिघडलेला दिवा किती दिवसांत बदलतात, हे सगळं त्यात उतरवतात. ती सेवा करातूनच चालू राहते. वर्गणी फक्त त्यावरच्या जादा कामाला. हा कागद न करता पैसे गोळा केले तर नगरपालिका आपली फेरी हळूच कमी करते आणि व्यापारी करातून मिळणाऱ्या कामाचेच पैसे पुन्हा भरत बसतात. तुमची भीती याच ठिकाणी खरी आहे. लेखात ते लिहिलेलं होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या कायद्याने ही पद्धत आली. स्वान्सीची योजना 2006 ची, वेल्समधली पहिली. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, पुढे पुन्हा मतदान. मतदानात दोन बहुमतं लागतात: मत देणाऱ्यांच्या संख्येचं आणि त्यांच्या जागांच्या करयोग्य मूल्याचं, म्हणजे ज्या अंदाजे वार्षिक भाड्यावर कर ठरतो त्याचं. मोठ्यांनी एकी केली तरी संख्येत अडकतात, लहानांनी केली तर मूल्यात. आकारणी साधारण त्या मूल्याच्या 1 ते 2 टक्के. ठराविक मूल्याखालचं दुकान बहुतेक ठिकाणी वगळतात. योजना मंजूर झाली की विरोधात मत दिलेल्यालाही भरावं लागतं. वसुली नगरपालिका करते आणि पैसा वेगळ्या खात्यात ठेवते.

आपल्याकडे यातलं काय उचलायचं? रात्री नऊनंतरची झाडलोट. घंटागाडी सकाळी येऊन जाते, दुकानं दहाच्या पुढे उघडतात आणि खोकी, पन्नी, थर्माकोल निघतं शटर ओढताना. ते रात्रभर रस्त्यावर पडतं, मोकाट जनावरं विस्कटतात आणि पहिल्या पावसात नाली तुंबते. समजा 200 गाळे, सरासरी 200 चौरस फूट. फुटाला महिन्याला 1 रुपया धरला तर 40 हजार होतात. दोन माणसं, एक ढकलगाडी, गोण्या आणि झाडू एवढ्यात बसतं. 120 फुटांच्या गाळ्याला 120 रुपये, 1,500 फुटांच्या शोरूमला 1,500. सरसकट 200 लावले की लहान दुकानदार दुसऱ्या महिन्यापासून टाळतो आणि त्याचं बघून शेजारचा. पैसे तीन महिन्यांचे आगाऊ घ्या, वसुलीला फिरणाऱ्याकडे खर्चाचा अधिकार देऊ नका आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावा.

बाकीचे मुद्दे. हातगाडीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यांची समिती आहे. तो इथला विषयच नाही. शोरूमवाल्यांचं उत्तर दुहेरी बहुमतात आलं. न देणाऱ्याचं काय, तर आपल्याकडे सक्तीचा कायदा नाही, म्हणून पहिलं वर्ष सह्यांच्या करारावर काढा. ज्या गल्लीत दहापैकी आठ सह्या होतील ती आधी घ्या.

तुमचा गाळा किती चौरस फुटांचा ते खाली लिहा, तुमचा वाटा मी काढून देतो. मग आकड्यावर भांडू.