वजीर जातो त्याचा आळ गृहपाठावर नको

‘शाळेचा अभ्यास मुलांचं बुद्धिबळ संपवतो’ असा एक संदेश पालकांमध्ये सतत फिरत असतो. त्यातले दावे थोडक्यात असे: मोठे खेळाडू शाळा सोडूनच मोठे झाले, गृहपाठाने डोकं शिणतं आणि पटावर घोडचुका होतात, पाठांतराने कल्पकता मरते. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि हे मला अजिबात पटत नाही.

आधी मोठ्या खेळाडूंचं बघू. डी. गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा थांबवली आणि २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला, हे खरंच आहे. बॉबी फिशरनेही सोळाव्या वर्षी शाळा सोडली. पण अमेरिकेचं अजिंक्यपद त्याने चौदाव्या वर्षी मिळवलं आणि पंधराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला, म्हणजे दप्तर पाठीवर असतानाच. इमॅन्युएल लास्कर २७ वर्षं जगज्जेता होता. गणितातली डॉक्टरेट त्याने त्याच काळात मिळवली. जगज्जेत्यांपैकीच बोटविनिक विद्युत अभियंता, आनंद बी.कॉम. आणि माझा सगळ्यात लाडका दाखला मॅक्स युवे यांचा. हे गृहस्थ मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे आणि १९३५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या जगज्जेत्या अलेखिनला १५½–१४½ असं हरवलं. गृहपाठ करणाऱ्यांचं सोडा, गृहपाठ देणारा माणूस जगज्जेता झाला! व्यावसायिक व्हायचं तर सरावाला दिवस अपुरा पडतो, हे मान्य. पण तो प्रश्न वेळेचा आहे. अभ्यासाने खेळ बिघडतो असं त्यातून निघत नाही.

आता शिणलेलं डोकं. ‘इतिहासाचा पेपर होता, डोकंच चालत नव्हतं, म्हणून वजीर गेला,’ असं एका मुलाने मला सांगितलं. मी स्कोअरशीट, म्हणजे चालींच्या नोंदीचा कागद, मागितली. प्रत्येक चालीपुढे घड्याळात उरलेला वेळ लिहायची सवय मी मुलांना लावतो. नव्वद मिनिटांच्या डावात वजीर गेला तेव्हा त्याच्याकडे ८४ मिनिटं शिल्लक होती. हा थकवा नव्हे, ही घाई. झोप अपुरी झाली की मूल थकतं हे खरं, पण ती झोप बहुतेक वेळा गृहपाठानंतर पांघरुणात चाललेलं फोनवरचं ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खातं. सकाळी नाव मात्र भूगोलाचं!

पाठांतराचा मुद्दा लवकर संपतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की खऱ्या डावातली स्थिती मास्टर पाच सेकंदांत टिपतो, पण मोहरे कसेही विखुरले तर तो नवख्याच्या फारसा पुढे नसतो. म्हणजे अर्थ लागलेलं लक्षात राहतं. सिसिलियन या सुरुवातीच्या बारा चाली घडाघडा म्हणणारं मूल तेराव्या चालीला समोरच्याने वेगळंच प्यादं ढकललं की गोंधळतं. ही घोकंपट्टी शाळेतली नाही, बुद्धिबळाच्याच वर्गातली आहे.

एका ठिकाणी मात्र शाळा खरंच आडवी येते, आणि संदेशात नेमकं तेच नाही: भूमिती. कागदावर कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. पटावर राजाला ए१ च्या कोपऱ्यातून बाजूने सरळ ए८ ला जायला सात चाली लागतात आणि कर्णाने समोरच्या एच८ कोपऱ्यात जायलाही सातच. रेटी या खेळाडूने १९२१ मध्ये रचलेलं कोडं मांडून बघा: पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५, चाल पांढऱ्याची. पायथागोरस पक्का झालेली मुलं ‘राजा काळ्याच्या प्याद्यापासून लांब आहे, पांढरा हरला’ म्हणून मोकळी होतात. मग राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका निघतो. एकाच वाटेने तो काळ्याच्या प्याद्याचा पाठलागही करतो आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही पोचतो. काळ्याने सी६ चं प्यादं मारलं तर राजा एफ४ वर येऊन एच४ च्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादं पुढे पळवलं तर राजा डी६ वर जातो आणि दोघांचीही प्यादी वजीर होतात. डाव बरोबरीत. मुलं बोटाने घरं मोजतात, विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा मोजतात, आणि मग हसतात. हे पटायला दहा मिनिटं पुरतात, शाळा सोडावी लागत नाही.