बांगडा ‘अंगावर उठतो’ तेव्हा

गेल्या ऑक्टोबरात बेळगावातील शहापूरच्या आमच्या घरी बांगड्याचे तिखले झाले आणि जेवणानंतर अर्ध्या तासात आत्याचा चेहरा लालबुंद झाला, मानेवर गांधी उठल्या, डोके ठणकू लागले. डॉक्टरांच्या गोळीने सगळे ओसरले; पण तेव्हापासून ‘मला बांगडा मानवत नाही’ असे म्हणून ती त्याला हात लावत नाही. मला हे पटत नाही. चाळीस वर्षे तिने तोच मासा खाल्ला आहे. दोष बांगड्याचा नसून घाट चढताना वितळून गेलेल्या बर्फाचा असावा, असे माझे मत आहे.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मेलेला मासा उबेत राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात; चेहरा लाल होणे, गांधी उठणे, डोके ठणकणे हे त्याचेच परिणाम. आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन तळून जात नाही, की फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. मासा नाकाला ताजा वाटत असतानाही ते वाढलेले असू शकते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने अशा माशांसाठी किलोमागे २०० मिलीग्रॅमची मर्यादा घातली आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेची कागदी पट्टी मासा टिकवण्यासाठी चोरून वापरले जाणारे फॉर्मेलिन हे रसायन काही मिनिटांत दाखवते, आणि त्यावरून २०१८ मध्ये गोव्यात झालेल्या गदारोळानंतर गिऱ्हाईक तेवढेच विचारते. हिस्टामीन त्या पट्टीवर उमटत नाही.

परवा विक्रेत्या मावशींची परवानगी घेऊन मी एका बांगड्याच्या पोटात टोकदार थर्मामीटर घातला. कल्ले लाल, डोळे स्वच्छ, आणि आकडा ११ अंश. तो शून्याच्या जवळ असायला हवा होता. माशाइतकाच बर्फ, तोही बारीक फोडून थराथराने, आणि वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी पेटीला भोक, एवढी साधी ही गोष्ट आहे.

मात्र कोणत्या माशाला किती जपायचे, हे त्याची जात कळल्याशिवाय ठरत नाही. आपल्याकडे एकच मासा कोणी सुरमई म्हणून विकतो, कोणी इसवण, तर मंगळूरकडचा माणूस अंजल म्हणून. शिवाय सुरमई या नावाखाली दोन जाती येतात: एकीच्या अंगावर पाठीकडून पोटाकडे जाणारे नागमोडी पट्टे, तर दुसरीच्या अंगावर गोल ठिपके. अख्खा मासा समोर असेल, तर डोळ्यांना हे कळते. कातडी सोललेल्या तुकडीत काहीच कळत नाही. अशा वेळी डीएनए बारकोडिंग उपयोगी पडते. २००३ मध्ये कॅनडातील जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी मांडलेल्या या पद्धतीत पेशीतील सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तो नोंदवलेल्या नमुन्यांशी ताडतात. शिजवलेल्या माशाचीही जात अनेकदा अशी ओळखता येते.

ही तपासणी रोज बाजारात करा, असे मी म्हणत नाही. तुकड्यांना कातडी ठेवावी, पाटीवर कन्नड आणि मराठी नावाखाली शास्त्रीय नाव लिहावे, आणि पहाटे गाडी उतरताना महापालिकेच्या माणसाने प्रत्येक पेटीतील एका माशाचे तापमान मोजून तो आकडा फळ्यावर लिहावा, एवढीच माझी मागणी आहे.